भजे, वड्या, वेफर्स ओव्हनमध्ये : खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षांपूर्वी आमच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी तळलेलं कमी करा म्हणून सांगितलं. बाबांना पाऊस आला की भजे लागतातच, त्यामुळे मी घरातला ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन), ज्यात तोवर फक्त नानकटाई आणि वाढदिवसाचा केक व्हायचा, तो भज्यांसाठी वापरायला लागले. तेव्हापासून गल्लीतल्या बायका, माहेरच्या वहिन्या, नणंदेच्या सोसायटीतल्या मैत्रिणी सगळ्या फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

ताई, खरं सांगा, तळलेल्यासारखी चव येते का?

नाही येत. तळलेलं ते तळलेलंच. पण चांगली चव येते, आणि ती वेगळी असते. हे आधी मान्य केलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण कढईतल्या भज्याची हुबेहूब नक्कल करायला गेलं की हमखास फसतं. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी ट्रे बघून विचारलं होतं, "हाई काय भजं शे का?" आणि त्यांचं बरोबर होतं, मी पातळ पीठ कालवून गिलक्याचे काप बुडवून ट्रेवर ठेवले होते, त्याची झाली होती एक मोठी पिवळी चादर.

मग ओव्हनमध्ये नेमकं काय होतं? कढईत तर दोन मिनिटांत कुरकुरीत होतं

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. कढईतलं तेल १७०-१८० डिग्रीला असतं आणि ते भज्याला चारी बाजूंनी चिकटून असतं, त्यामुळे बाहेरच्या पिठातलं पाणी क्षणात वाफ होऊन उडतं (ते बुडबुडे दिसतात ना, ती वाफच असते) आणि पीठ आहे त्या आकारात लगेच धरून बसतं. ओव्हनमध्ये आजूबाजूला असते गरम हवा. हवा उष्णता फार हळू देते. २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये तुम्ही, ट्रेला न लावता, दोन सेकंद हात घालून बाहेर काढू शकता, तेच १८० च्या तेलात बोट बुडवायचा विचार तरी करता येईल का. म्हणून पातळ पीठ धरायच्या आधीच पसरतं, आणि भाजीतलं पाणी निघायला इतका वेळ लागतो की ती आधी शिजून मऊ होते आणि मग कधीतरी रंग धरते.

थोडक्यात ओव्हन तळत नाही, ओव्हन वाळवतो आणि मग भाजतो. आणि वाळवणं आपल्या खान्देशातल्या बाईला कोणी शिकवायची गरज आहे का? बिबड्या, कुरडया, पापड आपण मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात गच्चीवर टाकतोच ना, पातळ लाटतो, एकमेकांवर चढू देत नाही, दुपारी उलटतो. ओव्हनच्या ट्रेवर अगदी तेच करायचं. पातळ, सुटं सुटं, आणि मधे एकदा उलटं. पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात.

तेल अजिबातच घालायचं नाही का?

घालायचं. बिनतेलाचे भजे म्हणजे भाजलेलं कोरडं बेसन, घशाखाली उतरत नाही. तेल लागतं कारण त्यामुळे वरचा थर नीट तापतो, रंग येतो, आणि मसाल्याची चव तेलातच उतरते. दोन मोठ्या कांद्यांच्या भज्यांना मी दोन चमचे घालते, चहाचे चमचे, पोहे खायचे नाही. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे ५ मिली, त्याच्या साधारण ४० कॅलरी धरा. चार माणसांत दोन चमचे म्हणजे माणशी २० कॅलरी तेलातून. तळणाला किती तेल जातं ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच एकदा कढईतलं तेल तळायच्या आधी आणि गार झाल्यावर मोजून बघा, कमी झालेलं तेल कुठे गेलं हे कळेल.

तेल कुठलं? आमच्याकडे शेंगदाण्याचं. तापायलाही चांगलं आणि वासही येतो.

माझे भजे फिके लागतात, मीठ-तिखट तर नेहमीचंच घालते

यावर माझे खूप दिवस गेले. कढईत गरम तेलात ओवा, जिरं, लसूण, मिरची सगळं तडतडतं आणि त्याची चव खुलते, ओव्हनमध्ये ते पिठाच्या आत गपचूप बसून राहतं. उपाय असा की मोजलेलं दोन चमचे तेल छोट्या कढल्यात कडकडीत तापवायचं, त्यात ओवा-जिरं टाकायचं, गॅस बंद करून लसूण-हिरवी मिरचीचा जाडसर ठेचा टाकायचा आणि हे सगळं गरमच पिठात ओतून कालवायचं. तेल तेवढंच पण चव दुप्पट. तिखटही थोडं जास्त घाला. मीठ मात्र वाढवू नका, पाणी निघून गेल्यावर मीठ पुढे येतं.

कुठल्या गोष्टीने सुरुवात करावी?

कोथिंबीर वडी. डोळे झाकून. कारण ती आधीच वाफवलेली असते, आतलं शिजलेलं आहे, आकार धरलेला आहे, ओव्हनला फक्त वरून कुरकुरीत करायचं काम उरतं. वाफवलेला रोल पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी बोटाच्या अर्ध्या जाडीच्या वड्या कापा, दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल, वर तीळ, आणि २०० डिग्रीला २० मिनिटं, बारा मिनिटांनी उलटायच्या. पिठात बेसनाच्या पाव हिश्शाने तांदळाचं पीठ असू द्या, त्यानेच कड कुरकुरीत होते. अळूवडी याच पद्धतीने, तिला चिंच मात्र सढळ हाताने आणि वाफवणं पूर्ण, नाहीतर घसा खाजतो. ओव्हनमध्ये टाकलं म्हणून वाफवणं टाळता येत नाही.

फुनकेही फार सुंदर होतात. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके आपण कढीबरोबर खातो ते शिळे राहिले की तेल लावून २०० ला पंधरा मिनिटं ठेवून बघा, वरून खरपूस, आतून भुसभुशीत. आमच्या पोरांना आता ते ताज्यापेक्षा हेच आवडतात. पातोडीच्या वड्या रश्शात टाकायच्या आधी अशा भाजून घेतल्या तर रश्श्यात विरघळत नाहीत, हे सांगायचं राहिलं होतं.

कांद्याचे भजे जमतात का?

जमतात, पण खेकडा भज्यांसारखे करायचे, गोल गरगरीत नाही. कांदा लांब पातळ चिरा, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, त्याला जे पाणी सुटेल तेवढ्यातच भिजेल इतकंच बेसन, एक चमचा तांदळाचं पीठ, आणि वर सांगितलेली ओवा-लसणाची फोडणी. वरून पाण्याचा एक थेंब नको. बटर पेपरवर पक्ष्याच्या घरट्यासारखे विस्कटलेले छोटे छोटे पुंजके ठेवायचे, दाबायचे नाहीत, जितकी टोकं बाहेर तितकं कुरकुरीत. २०० ला २०-२५ मिनिटं, मधे एकदा उलटून. टोकं काळसर व्हायच्या आत काढा, कांद्यात साखर असते, शेवटच्या दोन मिनिटांत एकदम करपतो.

सोडा घालू का असं सगळ्याच विचारतात. चिमूटभर चालतो, सोड्याने रंग लवकर येतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव लागते. मी घालत नाही.

गिलक्याचे भजे? श्रावणात त्याशिवाय कसं चालेल

गिलकं म्हणजे (पुण्याकडचे घोसाळं म्हणतात) नुसतं पाणी. बुडवून केले तर माझ्यासारखी चादर होणार. मी आता असं करते : पाव इंचाचे काप, मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं, मग स्वच्छ फडक्यात दाबून कोरडे. बेसन, तांदळाचं पीठ, हळद, तिखट, ओवा याचं घट्ट, चमच्याने लिंपता येईल असं पीठ, फोडणीचं तेल त्यातच. रिकामा ट्रे ओव्हनमध्येच तापू द्यायचा, बाहेर काढून तेलाचा हात फिरवायचा आणि पीठ लिंपलेले काप पटापट त्यावर मांडायचे, खालून चर्र आवाज आला पाहिजे. २२० ला १२ मिनिटं, उलटून अजून ८. बाहेरून कुरकुरीत आणि आत गिलकं लोण्यासारखं होतं. काढल्यावर पाच मिनिटांत खायचे, दहा मिनिटांनी मऊ पडतात आणि त्याला काही इलाज मला सापडलेला नाही.

आपल्या भरताच्या वांग्याचं काही होतं का?

होतं आणि माझ्या मते या सगळ्या यादीतला सगळ्यात चांगला पदार्थ हाच आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन (त्या भागाचाच खास माल म्हणून अधिकृत ओळख) मिळालं, ते हिरवट पांढरं, मोठं, बिया कमी असलेलं वांगं हिवाळ्यात भरपूर येतं. भरीत तर काडीवर भाजूनच, त्यात ओव्हन आणू नका. पण एखादं वांगं बाजूला काढून त्याचे बोटभर जाड काप करा, मीठ-हळद-तिखट-थोडा काळा मसाला चोळा, तांदळाच्या पिठात किंवा बारीक रव्यात घोळवा, तेल लावा, २१० ला १० मिनिटं एका बाजूने, ८ दुसऱ्या. वांगं तव्यावर किंवा कढईत स्पंजासारखं तेल पितं हे सगळ्यांना माहीत आहे, ओव्हनमध्ये त्याला पिण्यापुरतं तेल मिळतच नाही आणि तरी ते आतून मऊसूत होतं. कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.

केळीचे वेफर्स घरी ओव्हनमध्ये होतील का? रावेर-यावलची केळी तर दारात आहे

होतात पण दुकानातल्यासारखे हलके, फुलके होत नाहीत, जरा कडक होतात. केळं पूर्ण कच्चं, देठाशीसुद्धा हिरवंगार पाहिजे. थोडं जरी पिकायला लागलं असेल तर त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागलेली असते आणि ते कुरकुरीत व्हायच्या आधीच तपकिरी होतं. हाताला तेल लावून सोला नाहीतर चिकाचे डाग दोन दिवस जात नाहीत. किसणीवर एकसारखे पातळ काप थेट मीठ-हळदीच्या पाण्यात पाडा, दहा मिनिटांनी काढून फडक्यावर अगदी कोरडे करा. तीन केळ्यांना दोन चमचे तेल हाताने चोळा. ट्रेवर एकही काप दुसऱ्यावर नको.

१८० ला दहा-बारा मिनिटांनी बघा, आणि मग ओव्हनसमोरून उठू नका. कडेचे आधी होतात, ते उचलून घ्यायचे, मधले परत आत. सगळे एकदम होतील ही अपेक्षा धरली तर निम्मे करपणार. गरम असताना थोडे वाकतात म्हणून अजून ठेवू नका, गार झाल्यावर कडक होतात. तीन केळ्यांना दोन घाण्या लागतात आणि अख्खी दुपार जाते हे खरं आहे, पाहुण्यांसाठी किलोभर करायचे असतील तर विकतच आणा.

बटाट्याचंही असंच, फक्त बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवून ते पाणी ओतून द्या. वरचा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते, रंग एकसारखा येतो. आणि बटाटा असो की केळं, सोनेरी रंगावर थांबा. स्टार्चचे पदार्थ १२० डिग्रीच्या वर तापले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचा नको असलेला पदार्थ तयार होतो, रंग जितका गडद तितका तो जास्त, मग ते तळलेलं असो की भाजलेलं. याच कारणाने असे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, थंडीत त्यांच्यातली साखर वाढते.

मिरचीचे भजे?

बुडवून नाही. मिरचीला चीर द्या, बिया काढा, भाजलेलं बेसन, दाण्याचा कूट, लिंबू, मीठ असं सारण दाबून भरा, वरून तेलाचा ब्रश, २०० ला पंधरा मिनिटं. याला भजे म्हणू नका, भरलेली भाजकी मिरची म्हणा, पण खिचडीबरोबर एकदा खाल तर परत कराल.

समोसा, कचोरी ओव्हनमध्ये केली की हलकी होते ना?

इथे मला स्पष्ट बोलावं लागेल. भाजलेल्या समोशाच्या पारीला मोहन जास्त लागतं, वाटीभर मैद्याला तीन टेबलस्पून तरी, नाहीतर पारी दगडासारखी होते. तीन टेबलस्पून तेल म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी, आठ समोशांत वाटल्या तर एकेकाला पंचेचाळीसच्या आसपास, शिवाय मैदा आणि बटाटा आहेच. तळलेल्यापेक्षा कमी तेलकट नक्कीच, पण डाएटचा समोसा म्हणून चार खाऊ नका. मी कालच्या उरलेल्या पोळीच्या पट्ट्या कापून त्यात सारण भरते, पिठाच्या लईने चिकटवते, वरून तेल लावते, १९० ला पंधरा मिनिटं. पोळी आधीच भाजलेली असल्यामुळे मोहन लागतच नाही.

आणि बटाटेवडा?

नका करू. आवरण कधीच फुगत नाही. आप्पेपात्रात अर्धा अर्धा चमचा तेलावर करा, तिथे तो छान होतो.

ओटीजी घेऊ, एअर फ्रायर घेऊ की मायक्रोवेव्ह आहे तोच चालेल?

साधा मायक्रोवेव्ह चालणार नाही, तो पदार्थातलं पाणी तापवतो, त्यामुळे वडी मऊ आणि चिवट होते. कन्व्हेक्शन मोड असेल तर चालतो, पण त्या मोडवर लावलाय ना ते बघा. एअर फ्रायर म्हणजे छोटा, जोरात पंखा असलेला ओव्हनच, दोन माणसांना उत्तम, पंख्यामुळे वाफ लवकर उडते आणि वेळ कमी लागतो, पण आमच्यासारख्या सात माणसांच्या घरात चार घाण्या काढाव्या लागतात. ओटीजीत दोन्ही रॉड चालू ठेवा, ट्रे मधल्या खाचेत, पंखा असेल तर चालू.

वीजबिल किती येतं? आणि आमच्या गावाकडे होल्टेज पडतं त्याचं काय?

१५०० वॅटचा ओव्हन अर्धा तास सलग चालला तर पाऊण युनिट, दहा मिनिटं प्रीहीट धरलं तर एक युनिट. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधे मधे बंद होतो म्हणून जरा कमीच. प्लग मात्र १६ अँपिअरचाच हवा, मिक्सरच्या सॉकेटमध्ये घालू नका.

होल्टेजचा प्रश्न खरा आहे. माझ्या माहेरी पारोळ्याकडे मी हेच भजे केले तर पंचवीस मिनिटांतही पांढरेच, वहिनीला वाटलं मला येत नाही. कॉइलची ताकद होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर १५०० वॅटचा ओव्हन साडेअकराशेच्या आसपासच काम करतो. अशा वेळी प्रीहीट वीस मिनिटं, ट्रेवर निम्माच माल, आणि दार वारंवार उघडायचं नाही. मधेच लाइट गेली तरी दार बंदच ठेवा, दहा मिनिटं आतली धग पुरते.

शिवाय बऱ्याच ओव्हनची तापमानाची चकती खरं सांगत नाही. शंभर-दोनशे जागी खुणा असतात तेवढंच. बाजारात ओव्हनचा थर्मामीटर मिळतो, एकदा घ्या. माझा ओव्हन वीस डिग्रीने थंड निघाला, तोवर मी स्वतःच्या पिठाला दोष देत होते.

डायबेटिस, हार्ट असलेल्यांनी पोटभर खाल्लं तर चालेल?

तेल कमी झालं, बाकी काही कमी झालं नाही. केळं, बटाटा, मैदा जसाच्या तसा आहे, मीठही आहे. शुगरवाल्यांनी गिलकं, वांगं, कोथिंबीर, मेथी यांचं करावं आणि किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारावं, मी डॉक्टर नाही. बाबांना त्यांच्या डॉक्टरांनी महिन्यातून ठराविक वेळा चालेल सांगितलंय, आम्ही तेवढंच करतो.

एक फायदा मात्र नक्की आहे, तळून उरलेल्या तेलाचा प्रश्नच राहत नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात खराब घटक वाढत जातात, एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे हेच खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला बंदीच केली आहे. घरी हे मोजायचं यंत्र कोणाकडे असतं? आपण वास घेतो आणि बरणीत ओतून ठेवतो.

उरलेले दुसऱ्या दिवशी कसे गरम करायचे?

ओव्हनमध्येच, १८० ला पाच-सात मिनिटं, जाळीवर. मायक्रोवेव्हमध्ये नाही. वेफर्स पूर्ण गार करून डब्यात, पावसाळ्यात दोनच दिवस टिकतात असं धरा.

कानबाईच्या नैवेद्यालाही ओव्हनचे ठेवता का?

नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या दिवशी रोटाच्या पुरणपोळ्या, खीर आणि गिलक्याचे भजे आमच्याकडे सासूबाईंच्या पद्धतीने कढईतच होतात, आणि ते तसेच राहावेत असं मलाही मनापासून वाटतं. बाबा त्यातले दोन खातात. वर्षभर ओव्हन सांभाळतो तो याच दोन भज्यांसाठी असं ते स्वतः म्हणतात.

ट्रेला चिकटलेलं बेसन निघत नाही हो ताई

बटर पेपर वापरा, फॉइल नको, फॉइलला बेसन आणखी घट्ट चिकटतं. गिलक्यासारखं तापल्या ट्रेवर करायचं असेल तर नंतर ट्रे गरम असतानाच त्यात कोमट पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून तासभर ठेवा, मग लाकडी उलथन्याने निघतं. तारेची घासणी लावू नका, एकदा चरे पडले की पुढच्या वेळी तिथेच चिकटतं.